खारे पाणी उकळून गोडे होत नाही

आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. जवळात जवळचा किनारा अकोल्याहून चारशे किलोमीटरच्याही पलीकडे. पण दर्यापूर, भातकुली, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर आणि तिकडे शेगाव-संग्रामपूरपर्यंतच्या वाचकांना खाऱ्या पाण्याची ओळख करून द्यायची गरज नाही. पूर्णा नदी सातपुड्यातून उतरते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे नऊशे गावांचा आहे. इथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. चहात दूध टाकले की नासते, तुरीची डाळ तास तास शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नव्या पाहुण्याचे पोट दुसऱ्या दिवशी बिघडते. मुलीचे लग्न ठरवताना "गावाचं पानी कसं हाय?" हा प्रश्न हुंड्याच्या आधी विचारला जातो, तो उगाच नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या पट्ट्यातील पुष्कळ विहिरींत लिटरला दोन-तीन ग्रॅम सापडतात, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरला ५०० मिलिग्रॅम ही चांगली मर्यादा मानली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. म्हणजे आपल्या कित्येक विहिरी 'चालवून घ्यावे' या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे आहेत. कोणे एके काळी इथे समुद्र होता, असे जुनी माणसे सांगतात. भूशास्त्रज्ञ त्यापेक्षा साधे कारण देतात. पूर्णेचे खोरे म्हणजे गाळाने भरलेला खोल खळगा. माती चिकट, निचरा कमी, पाऊस बेताचा आणि ऊन अतोनात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि हे हजारो वर्षे चालले आहे.

हा विषय आज घेण्याचे कारण माझ्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच वेळा ऐकू येणारे एक वाक्य. रक्तदाब वाढलेला असतो, पायांवर सूज असते किंवा मुतखड्याने माणूस वाकलेला असतो. पाण्याची चौकशी केली की उत्तर ठरलेले. "डाक्तर साहेब, आमी त पानी उकयूनच पेतो." हे वाक्य म्हणणारा माणूस काळजी घेणारा असतो. कावीळ, विषमज्वर, हगवण यांपासून घरच्यांना वाचवण्यासाठी आपण डॉक्टर मंडळींनीच त्याला पाणी उकळायला शिकवले. ते बरोबरच आहे. पण जंतू वेगळे आणि क्षार वेगळे. उकळल्याने जंतू मरतात. मीठ मरत नाही. उलट दहा लिटर पाणी उकळता उकळता आठ लिटर झाले, तर दहा लिटरचे मीठ आठ लिटरमध्ये आले. पाणी आणखी खारे झाले. नायट्रेट आणि फ्लोराइड यांचेही असेच होते.

तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो, मीठ नाही. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे थेंब जंतू मारतात. चारपदरी फडके, मेणबत्तीचा फिल्टर, निळ्या दिव्याचे यंत्र यांपैकी कशानेही विरघळलेला क्षार निघत नाही. साखर विरघळलेला चहा गाळणीतून गाळला तर साखर गाळणीत राहते का? तसेच हे.

मग मीठ वेगळे होते कसे? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा विदर्भातल्या लोकांनी समुद्राची वाट पाहिली नाही. अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला. मीठ काढायचे तर पाणी आटवायचे. पाणी वाफ होऊन जाते, मीठ भांड्यात उरते. सत्याग्रहींना भांड्यात उरलेले हवे होते. आपल्याला हवे आहे ते वर उडून जाणारे. ती वाफ धरून थंड केली की जे थेंब पडतात ते गोडे पाणी. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात.

घरी करून पाहायचे असेल तर मोठ्या पातेल्यात दोन लिटर खारे पाणी घ्या. मधोमध एक जड वाटी ठेवा, तिच्यात ते पाणी जाता कामा नये. वर झाकण उलटे ठेवा, म्हणजे त्याचा फुगीर भाग वाटीच्या डोक्यावर येईल. झाकणात गार पाणी ओता आणि मंद आचेवर ठेवा. वाफ झाकणाला लागून थेंब होते आणि थेंब वाटीत पडतात. अर्ध्या तासाने वाटीतले पाणी चाखा. शाळेतल्या मुलांना हे एकदा तरी दाखवावे, मोठ्यांचाही गैरसमज त्यांच्यामार्फत दूर होईल.

परंतु रोजच्या संसाराला हा मार्ग परवडत नाही. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. त्याच लिटरची पूर्ण वाफ करायला आणखी ५४० लागतात. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधील उष्णतेपैकी साठ टक्के भांड्याला लागली असे धरले, तरी एका सिलिंडरमध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी मिळेल. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दिवसाला वीस लिटर तरी लागते. म्हणजे आठवड्याला एक सिलिंडर. चुलीवर करायचे तर सरपणाचा हिशेब आणि बाईच्या डोळ्यांत जाणारा धूर वेगळाच.

फुकटची आच आपल्याकडे वरून येते. अकोल्याचे ऊन आपण शिव्या देण्यासाठीच वापरतो, पण तेच पाणी गोडे करू शकते. एक उथळ पेटी घ्यायची, तिचा तळ काळा करायचा, त्यात दोन-तीन सेंटिमीटर खारे पाणी घालायचे आणि वर उतरती काच बसवायची. पाणी तापून वाफ काचेला लागते, थेंब उतारावरून घरंगळतात आणि काचेच्या खालच्या कडेला लावलेल्या पन्हळीतून बाटलीत येतात. ही कल्पना नवी नाही. दक्षिण अमेरिकेत चिली देशातील लास सालिनास येथे १८७२ साली खाणीवरच्या माणसांना व खेचरांना पाणी पाजण्यासाठी चार हजार चौरस मीटरहून मोठे असे काचेचे कारखानेच उभारले होते आणि रोज वीस हजार लिटरहून अधिक पाणी त्यातून निघत असे. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ मध्ये जवळच्या अवाणिया गावी रोज ५००० लिटरचा असा प्रकल्प केला होता.

एक चौरस मीटर काचेतून चांगल्या उन्हाच्या दिवशी तीन-चार लिटर पाणी मिळते. ढगाळ दिवसात फारच कमी. सगळ्या घराला पुरेल एवढी काच म्हणजे पाच-सहा चौरस मीटर, ते सर्वांना जमणार नाही. पण घरात एक गरोदर सून आहे, एक रक्तदाबाचे आजोबा आहेत, तर त्यांच्यापुरते पिण्याचे पाणी एका-दोन पेट्या देऊ शकतात. गावातला सुतार किंवा वेल्डिंगवाला अशी पेटी करू शकतो. नवी पेटी असेल तर लांबी व रंगाचा वास जाईपर्यंत पहिले काही दिवस पाणी पिऊ नये. आठ-दहा दिवसांनी तळाचे खारट पाणी ओतून पेटी धुवावी, नाहीतर क्षारांचा थर बसतो. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. हा कपाशीचा मुलूख आहे, घरोघरी फवारणीचे रिकामे डबे व ड्रम पडलेले असतात. ते कितीही धुतले तरी पाण्यासाठी वापरू नका. मीठ वाफेबरोबर येत नाही, पण काही औषधे येतात.

ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत आपण विकतचे शुद्ध पाणी घालतो, कारण विहिरीच्या पाण्याने बॅटरी लवकर जाते हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. मूत्रपिंडाला वॉरंटी कार्ड नसते, म्हणून बहुधा आपण तिथे बेफिकीर असतो. (बॅटरीच्या दुकानातले पाणी मात्र प्यायचे नसते, ते त्या कामासाठी भरलेले नसते.)

आता शरीराकडे येऊ. समुद्रात भरकटलेला माणूस पाण्याने वेढलेला असूनही तहानेने का मरतो? मूत्रपिंड लघवीतून मीठ बाहेर टाकते, पण त्यालाही मर्यादा आहे. एक लिटर समुद्राचे पाणी प्यायले तर त्यातले मीठ बाहेर काढण्यासाठी सुमारे दीड लिटर लघवी करावी लागते. वरचे अर्धा लिटर अंगातून जाते. जितके प्यावे तितकी तहान वाढते. आपले विहिरीचे पाणी इतके खारे नाही. त्यामुळे ते पिऊन कोणी तडकाफडकी मरत नाही, आणि म्हणूनच आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सोडियम २ ग्रॅमच्या आत. समजा तुमच्या पाण्यात लिटरला ६०० मिलिग्रॅम सोडियम आहे. उन्हाळ्यात चार लिटर पाणी सहज प्यायले जाते. झाले २४०० मिलिग्रॅम, म्हणजे सहा ग्रॅम मीठ. ठेचा, लोणचे, पापड अजून ताटात आलेलेच नाहीत! शेतात घाम गाळणाऱ्याचे थोडे मीठ घामातून जाते हे खरे. पण सावलीत बसलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या आजीचे काय? तिला मी मीठ कमी करायला सांगतो, ती बिचारी अळणी भाजी खाते आणि वर तांब्याभर खारे पाणी पिते. गोळी वाढवून भागत नाही.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीत तर जास्तच जपले पाहिजे. बांगलादेशच्या किनाऱ्यावर दाकोप भागात पिण्याचे पाणी असेच खारे आहे. तिथल्या अभ्यासात, पाण्यातले सोडियम जास्त असलेल्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तदाब वाढण्याचे व त्यातून उद्भवणाऱ्या गंभीर विकाराचे प्रमाण जास्त आढळले. हा विकार आईला झटके आणू शकतो आणि पोटातल्या बाळाचा जीव घेऊ शकतो. म्हणून घरात गोड्या पाण्याची एकच घागर असेल तर ती कोणासाठी, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे. आपल्याकडे सुनेचा नंबर शेवटी लागतो.

दुसरा जपायचा जीव म्हणजे हगवण लागलेले मूल. जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या पुडीत एक लिटर पाण्याला लागेल तेवढेच मीठ मोजून घातलेले असते, २.६ ग्रॅम. ती पुडी वर सांगितलेल्या विहिरीच्या पाण्यात कालवली तर मीठ दीडपट होते. पाणी त्याहून खारे असेल तर आणखी जास्त. लहान मुलाच्या रक्तात सोडियम फार वाढले तर मूल चिडचिडे होते, सुस्तावते, झटके येतात. तेव्हा ओआरएस गोड्या पाण्यातच करावे. नळाचे, पावसाचे, पेटीचे, कॅनचे, कुठलेही चालेल, ते उकळून गार केलेले असावे. त्यासाठी दोन लिटर गोडे पाणी घरात नेहमी राखून ठेवा. रात्रीबेरात्री गोडे पाणी मिळालेच नाही तर? ओआरएस बंद करू नका. आहे त्या पाण्यात देत देत मुलाला दवाखान्यात आणा, कारण कोरडे पडलेले मूल हा अधिक मोठा धोका आहे. घरचे मीठ-साखर पाणी करताना लिटरला सपाट अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर हे प्रमाण गोड्या पाण्यासाठी आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला एरवी आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको.

मूत्रपिंडाच्या आजारांबद्दल नेहमी विचारले जाते. या पट्ट्यात असे रुग्ण गावोगावी आहेत आणि सारा दोष पाण्याला दिला जातो. पाणी हे एकमेव कारण आहे असे सिद्ध झालेले नाही. मधुमेह आणि न तपासलेला रक्तदाब ही दोन कारणे सर्वत्र मोठी आहेत. अंगदुखीच्या गोळ्या हे तिसरे. कापूस वेचून कंबर धरली की किराणा दुकानातून गोळी, आणि हे महिनोन्महिने. चौथी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. खारे पाणी नकोसे वाटते म्हणून माणूस पाणीच कमी पितो. ४५ अंशांच्या उन्हात दीड लिटरवर दिवस काढतो. लघवी गडद होते, खडे धरतात. तेव्हा गोडे पाणी आणणे म्हणजे पुरेसे पाणी पिता येणेही आहे.

आता यंत्राचे, म्हणजे आरओचे. त्यात वाफ नसते. अत्यंत बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलतात, पाणी पलीकडे जाते, बहुतेक क्षार अलीकडे राहतात. चेन्नईजवळ मिंजूर (२०१०) आणि नेम्मेली (२०१३) येथे याच रीतीने समुद्राचे रोज दहा कोटी लिटर गोडे पाणी देण्याच्या क्षमतेचे प्रकल्प सुरू झाले. गावातल्या कॅनचे पाणी हे त्याच जातीचे. ते मी वाईट म्हणत नाही, खारपाणपट्ट्यात त्याने पुष्कळांची सोय केली आहे. पण पडदा जुना झाला की क्षार गुपचूप पलीकडे येऊ लागतात. म्हणून दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर दर चार घरांत एक असावा. तो क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो, त्यामुळे मळक्या कॅनमध्ये जंतू सुखाने वाढतात. गोडे पाणी पिऊन कावीळ झालेले रुग्णही माझ्याकडे येतात. कॅन आतून घासून धुतात का, हे एकदा जाऊन पाहावे. शिवाय एक लिटर गोडे पाणी देताना घरचे यंत्र दोन-तीन लिटर जास्त खारे पाणी बाहेर टाकते. ते फरशी पुसायला वापरा, परसातल्या झाडांना नको, आपल्या काळ्या मातीत आधीच मीठ कमी नाही.

माझ्या मते सर्वांत स्वस्त यंत्र आपल्या घरावर आहे आणि त्याचे पाणी आपण पन्हळीने नालीत सोडतो. पाऊस म्हणजे काय? समुद्राचे पाणी उन्हाने उडते, मीठ समुद्रात राहते, ढग ते गोडे पाणी चारशे किलोमीटर वाहून आणतात. वर सांगितलेली काचेची पेटी म्हणजे याचीच छोटी नक्कल. आपल्याकडे वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटर टिनाच्या छपरावर, वाया जाणारे सोडून, तीस हजार लिटर. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांसाठी दिवसाला वीस लिटर धरले तर लागते जेमतेम पाच हजार लिटर! एक टाकी. सातपुड्याकडून वान व शहानूर धरणांचे आणि इकडे महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी नळ योजनांनी पुष्कळ गावांत आणले, त्याने मोठा फरक पडला. पण मोटार जळली, पाइप फुटला, की गाव पुन्हा विहिरीवर येते. अशा दिवसांसाठी टाकी हवी.

पावसाळ्यापूर्वी छप्पर झाडून घ्या. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या, त्यात पक्ष्यांची घाण आणि धूळ असते. मग जाड फडके बांधून पाणी टाकीत घ्या. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून, निवळ वरचे पाणी टाकीत घालावे व तासभर थांबावे. टाकीत उजेड जाऊ देऊ नका, शेवाळ धरते. झाकण घट्ट हवे आणि नळ्यांच्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर गोड्या पाण्याबरोबर डेंग्यूचे डासही घरात येतील. पाणी तोटीने काढावे, हात बुडवू नये. काही म्हाताऱ्यांची तक्रार असते की या पाण्यात 'दम नाही', चव लागत नाही. आठ दिवसांत सवय होते. त्यात क्षार नसल्याने अशक्तपणा येईल ही भीतीही नको, लागणारे क्षार भाकरी, डाळ आणि भाजीतून मिळतात.

आपली विहीर किंवा बोअर किती खारी आहे हे जिभेवर सोडू नका. जन्मापासून खारे पिणाऱ्याला ते खारे लागतच नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. एक लिटरची स्वच्छ बाटली घ्या, त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, गावाचे व विहिरीचे नाव आणि तारीख लिहा. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर तपासा, आकडे वेगळे येतील. आणि रक्तदाब दाखवायला दवाखान्यात याल तेव्हा गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर तो कागदही घेऊन या.